रद्द आणि रद्दी

दिवाळीच्या सुटीत दिवेआगरला काकांकडे गेलो, की माझ्यासाठी एक काम राखून ठेवलेले असते. घरातली पोरे आकाशकंदील करायला बसतात, काकू येईल त्याच्या हातावर चकलीचा तुकडा ठेवून ‘तिखटमीठ बघ’ म्हणते, आणि मी माजघरातल्या पलंगाखालून एक हिरवी पत्र्याची ट्रंक ओढीत ओढीत ओटीवर आणतो. त्या ट्रंकेत काकांचे कागद असतात. वर्षभराचे कागद निवडायचे, नकोत ते रद्दीत काढायचे आणि हवेत ते सुतळीने बांधून पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, हा आम्हा काकापुतण्यांचा दिवाळीचा कुळधर्म आहे. त्यात रद्दीची बाजू माझी आणि ट्रंकेची बाजू काकांची. निकाल बहुधा ट्रंकेच्या बाजूने लागतो.

यंदा मी नव्या गाडीने गेलो होतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळे करीत दुपारच्या सुमारास मी अंगणात गाडी उभी केली. काकूने कौतुकाने गाडीला हळदकुंकू लावले. काकांनी हात मागे बांधून गाडीभोवती एक पुरी प्रदक्षिणा घातली. मी वाट पाहत होतो, की आता ते किंमत विचारतील, निदान रंगाला तरी चांगला म्हणतील. पण त्यांनी विचारले ते निराळेच.

“जुनी कोणाला दिलीस?”

“एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला,” मी म्हटले.

“कागद दाखव.”

वाचकहो, तुम्हाला हा प्रश्न काहीसा रुक्ष वाटेल. नवी गाडी पुढ्यात उभी असताना म्हाताऱ्याने जुनीचा कागद कशाला मागावा? पण मला तो ऐकताच मान खाली घालावीशी वाटली. त्याचे कारण सांगायचे तर मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि त्या गोष्टीत माझी भूमिका फारशी शोभादायक नाही.

आमचे काका बत्तीस वर्षे शिक्षक होते आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक. ज्यांचे शिक्षण १९८० च्या आगेमागे झाले त्यांना ‘सत्यप्रत’ हा शब्द आठवत असेल. गुणपत्रिकेची नक्कल कोठेही द्यायची झाली, की ती खरी असल्याचा शिक्का आणि सही एखाद्या अधिकाऱ्याची किंवा मुख्याध्यापकाची लागे. पंचक्रोशीतली मुले त्यासाठी आमच्या ओटीवर येत. काका चष्मा लावून मूळ कागद आणि नक्कल शेजारीशेजारी ठेवीत आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहत. मुलगा बिचारा एक पाय ओटीवर आणि एक पायरीवर ठेवून एस.टी.ची वेळ मोजीत असे. मी एकदा म्हटले, “काका, कोण एवढे बघते? मारा शिक्का.” ते म्हणाले, “अरे, मी बघितले असे लिहून देतो ना? मग बघायला नको?” पुढे २०१४-१५ च्या सुमारास केंद्राने आणि मागोमाग आपल्या राज्यानेही स्वतःच्या सहीची प्रत मान्य केली आणि तो शिक्का निकामी झाला. मला वाटले, काकांना वाईट वाटेल. पण ते म्हणाले, “बरे झाले. मूळ कागद शेवटी दाखवावाच लागतो, मग मधल्यामध्ये माझी सही कशाला?”

म्हणजे काका कागदाचे भक्त असले तरी आंधळे भक्त नाहीत, हे ध्यानात घ्यावे. उलट मी! मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि स्टाफरूममध्ये कागदी घोड्यांची टिंगल करणे हा माझा आवडता विषय आहे. दर वर्षी भरावे लागणारे तक्ते, त्याच त्या माहितीच्या तीन तीन प्रती, नोव्हेंबर आला की पेन्शनरांना द्यावा लागणारा हयातीचा दाखला, यांवर मी इतक्या कोट्या केल्या आहेत, की माझे सहकारी आता त्यांना क्रमांक देऊन हसतात.

आणि टिंगल करण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. मोटारगाड्यांचेच बघा. १९५९ साली मोटारींच्या आणि १९६० साली स्कूटरींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचे हुकूम निघाले. गाड्या थोड्या आणि मागणारे फार, तेव्हा विक्रेत्याने नोंदवही ठेवायची आणि क्रमाने गाडी द्यायची. काकांनी स्कूटर नोंदवली ती लग्नाआधी, आणि ती हाती आली तेव्हा आमची चुलत बहीण मागच्या सीटवर बसण्याएवढी झाली होती. आज गाड्याच माणसांची वाट पाहत दुकानात उभ्या असतात. ते हुकूम राहिले नाहीत, आणि ते गेले म्हणून कोणी रडल्याचे ऐकिवात नाही.

पण एक हुकूम गेला तरी त्याच्या जागी दुसरे कागद उगवतातच. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम घ्या. नोंदणी न झालेली नवी गाडी विक्रेत्याला नुसती गुदामापासून दुकानापर्यंत न्यायची, तरी त्याला व्यवसाय प्रमाणपत्र लागे. ते एकाच वर्षाचे. वर्ष संपले की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा खेटे. शिवाय पानांवर क्रमांक घातलेली एक बांधीव वही ठेवायची, गाडी बाहेर काढण्यापूर्वी ती कोठे आणि कशासाठी चालली आहे हे तिच्यात लिहायचे, आणि त्या नोंदीची दुसरी प्रत ड्रायव्हरच्या खिशात द्यायची. गिऱ्हाईक म्हणाले, ‘जरा नाक्यापर्यंत चालवून बघू’, की आधी वही! बरे, गाडी विकली तरी ती नोंदणीसाठी आरटीओपुढे नेऊन उभी करायची. चेसी नंबरावर कागद ठेवून तो पेन्सिलीने घासायचा आणि त्याचा छाप अर्जाला चिकटवायचा. लहानपणी आम्ही चार आण्याच्या नाण्याचे असे छाप काढीत असू. मोठेपणी तोच खेळ सरकारदरबारी करावा लागेल असे वाटले नव्हते.

यातले बरेच आता सैल झाले आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने अधिकृत विक्रेत्याने विकलेली कोरी गाडी अधिकाऱ्यापुढे नेऊन दाखवण्याची गरज काढून टाकली. २०२२ च्या सप्टेंबरात निघालेल्या नव्या नियमांनी व्यवसाय प्रमाणपत्राची मुदत एका वर्षावरून पाच वर्षे केली आणि अर्जही घरबसल्या संगणकावरून करण्याची सोय केली. माझी नवी गाडी मी दुकानातूनच नंबर घेऊन बाहेर काढली. ज्या कारखान्याने शेकडो गाड्या एकाच साच्यातून काढल्या, त्यांतली प्रत्येक गाडी पुन्हा कोणी वाकून बघावी यात काय हशील होते? तो नियम गेला आणि कोणाचेच काही बिघडले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख ‘कागद जाळा आणि सुखी व्हा’ असा झाला असता. काही वर्षांपूर्वी मी तसाच लिहिलाही असता. पण मध्ये काकांची मारुती आली.

काकांनी २००४ साली मारुती आठशे घेतली होती. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, काकूचे गुडघे दुखू लागले होते, आणि बोर्लीपंचतनच्या डॉक्टरांकडे स्कूटरवरून जाणे तिला जमेना. पांढऱ्या रंगाची ती गाडी काकांनी तेरा वर्षे लेकरासारखी सांभाळली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत ती विकायची ठरली. बाहेरगावचा एक व्यापारी घरी आला. मीही दोन दिवसांसाठी आलो होतो. भाव ठरला, चहा झाला, नोटा मोजल्या गेल्या. मग त्याने पिशवीतून फॉर्मांचा एक गठ्ठा काढला आणि ठिकठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. “मास्तर, इथे, इथे आणि इथे सह्या.”

फॉर्म कोरे होते. घेणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, काही नाही. काकांनी चष्मा लावला आणि विचारले, “यावर नाव कोणाचे?”

“गिऱ्हाईक मिळाले की त्याचे घालतो. माझ्या नावावर करून पुन्हा त्याच्या नावावर करायची म्हणजे दोनदा खर्च. सगळे असेच करतात.”

काका घुटमळले. जो माणूस गुणपत्रिकेतला स्वल्पविराम ताडून बघे, तो कोऱ्या कागदापुढे घुटमळणारच. आणि तेव्हा मी, मराठीचा एम.ए., कागदी घोड्यांचा कर्दनकाळ, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणालो, “करा हो काका सही. नुसती फॉर्मॅलिटी आहे. माझी एस.टी. चुकेल.”

काकांनी सह्या केल्या. व्यापाऱ्याने मात्र काकांच्या आग्रहावरून वहीच्या एका पानावर ‘गाडी ताब्यात मिळाली’ असे लिहून, तारीख घालून, खाली सही केली. ते पान ट्रंकेत सगळ्यांत वर गेले. मला एस.टी. मिळाली.

त्यानंतर तीन वर्षांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळले. त्या दिवसाचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या बाजूच्या वाड्या त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिल्या आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही. आजोबांच्या हातच्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. माजघरावरची कौले उडाली आणि रात्रभर ट्रंकेवर पाऊस पडला. झाकण नीट बसत नव्हते. वरवरच्या कागदांचा लगदा झाला आणि तळाचे वाचले. म्हणजे असे, की जे लायसन घेण्याची सक्तीच जाऊन कितीतरी वर्षे झाली त्या रेडिओच्या लायसनचे पुस्तक सुखरूप राहिले, आणि व्यापाऱ्याच्या सहीचे ते एक पान गेले. रद्दी तरली आणि कागद बुडाला!

त्याचे त्या वेळी कोणालाच काही वाटले नाही. छप्पर आणि वाडी यांपुढे वहीच्या पानाची काय कथा?

२०२२ च्या पावसाळ्यात पोस्टमनने एक लिफाफा आणून दिला. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाची नोटीस होती. काकांच्या पांढऱ्या मारुतीने आदल्या वर्षी दूरच्या एका तालुक्यात मोटारसायकलवरच्या एका तरुणाला धडक दिली होती. त्याचा पाय मोडला होता. गाडीचा विमा संपलेला होता. आणि सरकारी नोंदीत गाडीचे मालक म्हणून नाव होते आमच्या काकांचे.

काकांनी मला फोन केला. एरवी ते फोनवर मोठ्याने बोलतात. त्या दिवशी त्यांचा आवाज मला नीट ऐकू येईना. ते म्हणाले, “अरे, मी कोणाला तरी जखमी केले आहे, असे यात लिहिले आहे.”

आम्ही वकील गाठले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते मला आजही पाठ आहे. गाडी विकणे म्हणजे पैसे घेऊन किल्ली देणे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला तसे कळवायचे, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज करायचा. पहिल्यासाठी नमुना २९ आणि दुसऱ्यासाठी नमुना ३०. काकांनी ज्या कोऱ्या कागदांवर सह्या केल्या ते हेच. व्यापाऱ्याने ते कधी दाखलच केले नाहीत. गाडी त्याच्याकडून एकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि प्रत्येकाने तोच कोरा गठ्ठा पुढच्याच्या हाती दिला.

“पण माझ्या काकांनी तर गाडी चार वर्षांपूर्वीच विकली होती!” मी म्हटले.

वकील म्हणाले, “खरे आहे. पण कायद्याने मालक तो, ज्याचे नाव नोंदीत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ती गाडीही अशीच हातोहात फिरली होती आणि अपघात झाला तेव्हा नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव होते. न्यायालयाने म्हटले, भरपाईची जबाबदारी त्याचीच. कारण जखमी माणसाने गाडीच्या पाठीमागे किती हात आहेत ते शोधीत हिंडावे, अशी अपेक्षा करता येत नाही.”

“आणि ते वहीचे पान असते तर?”

“तर दावा चुकला नसता. पण व्यापाऱ्याकडून वसुली करायला काही तरी हाती राहिले असते.”

व्यापाऱ्याने दुकान केव्हाच बंद केले होते.

परतताना मी गाडीत चडफडत होतो. कायदा गाढव आहे, असे काही तरी मी बोललो. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “तो पोरगा कोण असेल रे? त्याच्याकडे जाऊन येऊ या.”

वकिलांना विचारले तर त्यांनी नको म्हटले असते, म्हणून आम्ही विचारले नाही. एका रविवारी गेलो. एका खोलीचे घर होते. तरुण पंचविशीतला, घरोघर सामान पोचवण्याचे काम करणारा. पायात सळई घातलेली. काम सुटले होते. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिले. काकांनी आपले नाव सांगितले तेव्हा तो चपापला. कागदावर ज्याच्याविरुद्ध दावा लावला तो असा सत्तरीपलीकडचा, हातात नारळ घेऊन आलेला म्हातारा असेल असे त्याला कसे वाटावे? काका म्हणाले, “गाडी मी चालवत नव्हतो. पण नाव माझे आहे.” एवढेच. समर्थन नाही की रडगाणे नाही.

मी त्या सळईकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झाले. मी ज्याला ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हटले होते, त्या कागदाचा उपयोग ना काकांसाठी होता, ना व्यापाऱ्यासाठी. तो या मुलासाठी होता. त्या दिवशी ओटीवर जो हजर नव्हता, त्याच्यासाठी. रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक गाडीमागे जबाबदार असा एक खरा माणूस उभा असावा, एवढेच त्या कागदाचे म्हणणे होते. आणि आम्ही तिथे कोरी जागा ठेवली होती.

दावा शेवटी २०२४ साली लोकअदालतीत मिटला. ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याने काही रक्कम दिली, उरलेली काकांनी. वादळातून वाचलेल्या पोफळींची सुपारी त्या वर्षी बरी झाली होती आणि आमच्याकडच्या रोठा सुपारीला भाव असतो. तरीही काकूच्या पाटल्या गेल्या. मी माझा वाटा देऊ केला तेव्हा काकांनी आधी नाही म्हटले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घेतला. माझ्यावर त्यांचा तो मोठाच उपकार झाला.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळे कागद जपून ठेवावे? पेन्सिलीचे छाप आणि बांधीव वह्या परत आणाव्या? मुळीच नाही. उलट माझे म्हणणे असे, की फालतू कागदांचा ढीग फार झाला म्हणूनच आम्ही त्या एका कागदाला फालतू समजलो. ज्याला दहा ठिकाणी उगीच सह्या कराव्या लागतात, तो अकराव्या ठिकाणीही न वाचताच सही करतो. ‘सगळे असेच करतात’ हे त्या व्यापाऱ्याचे वाक्य खोटे नव्हते. दोनदा नावे बदलण्याचा खर्च आणि खेटे टाळण्यासाठीच सगळे तसे करीत होते. नियम अवघड होता, म्हणून त्याच्या शेजारून पायवाट पडली, आणि पायवाटेवर दिवे नसतात.

या पायवाटेकडे सरकारचेही लक्ष गेले. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे. गाडी ताब्यात घेतली की विकणाऱ्याने आणि त्याने मिळून संगणकावर तशी सूचना द्यायची, तिला नमुना २९ ग म्हणतात. ती दिली की पुढे गाडी विकली जाईपर्यंत व्यापारीच मालक समजला जातो, आणि बरेवाईट काही घडले तर जबाबदार तोच. त्याबरोबर त्याला सवलतीही दिल्या. नोंदणीचे नूतनीकरण, हरवलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत, नाव बदलणे, यांसाठी तो स्वतःच अर्ज करू शकतो. मूळ मालकाला सह्यांसाठी शोधीत हिंडायला नको. म्हणजे एक कागद वाढला आणि पाच-पंचवीस खेटे कमी झाले.

इंग्लंडातही असेच घडले. तिथे मोटारीच्या काचेवर कर भरल्याची गोल चकती लावण्याची पद्धत १९२१ पासून होती. ऑक्टोबर २०१४ पासून ती बंद झाली, कारण कर भरला की नाही हे संगणकात दिसू लागले होते. पण गाडी विकली की सरकारला कळवण्याचे बंधन मात्र त्यांनी सोडले नाही. काचेवरची चकती गेली, माणसाचे नाव राहिले.

मला वाटते, रद्द काय करावे आणि राखावे काय याची कसोटी यातच आहे. कागद हातात घ्यावा आणि विचारावे, हा नसला तर कोणाचे काही जाते काय? कोणाचेच जात नसेल, तर त्याला आजच निरोप द्यावा. दुसऱ्या एखाद्या कागदावर तीच माहिती असेल, तरी निरोप द्यावा. पण जो इथे हजर नाही अशा कोणाचे त्याच्यावाचून नुकसान होणार असेल, तर तो राखावा. आणि राखायचा तर इतका सोपा करावा, की कोणाला पायवाटेने जावेसेच वाटू नये.

मी वर्गात मराठीच्या उगमाचा धडा शिकवतो तेव्हा दिवेआगरचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, आमच्या गावचा ताम्रपट मराठीतला पहिला ताम्रपट मानला जातो. अभ्यासक्रमात तो भाषेचा नमुना म्हणून येतो आणि मीही इतकी वर्षे त्यातली विभक्तिरूपेच शिकवीत आलो. पण तो म्हणजे काही काव्य नव्हे. ती व्यवहाराची नोंद आहे. कोणाला तरी वाटले, की हे ठरले ते माणसे गेल्यावरही टिकले पाहिजे, आणि त्याने ते तांब्यावर कोरले. त्या काळीही लोकांनी शेकडो गोष्टी लिहिल्या असतील आणि पुसल्या असतील. तांब्यावर मात्र जपूनच कोरले असणार. तांबे काही फुकट येत नव्हते.

तर यंदा काकांनी अंगणात उभ्या उभ्या विचारले, “कागद दाखव.”

मी खिशातून फोन काढला. व्यापाऱ्याचे अधिकारपत्र मी आधी पाहून घेतले होते. सूचना दाखल झाल्याची पोच पडद्यावर होती. गाडीचा नंबर, त्याचे नाव, माझे नाव, तारीख. एकही जागा कोरी नव्हती. काकांनी चष्मा लावला. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बारीक अक्षर पुन्हा दिसू लागले आहे. त्यांनी गाडीच्या नंबरातला एकेक आकडा बोटाने दाखवीत वाचला, अगदी गुणपत्रिका ताडून बघत तसा. मी एक पाय ओटीवर आणि एक पायरीवर ठेवून उभा होतो.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “याची छापील प्रत आणलीस?”

“काका, ती सरकारच्या संगणकात आहे. आता प्रत कशाला?”

“वादळ काय फक्त आमच्याच ट्रंकेवर येते?”

मी बोर्लीला जाऊन प्रत काढून आणली. मग आम्ही ट्रंक उघडली. रेडिओच्या लायसनचे पुस्तक काकांनी स्वतः उचलले, क्षणभर उलटसुलट करून पाहिले आणि माझ्या बाजूच्या ढिगात टाकले. त्याच्या जागी माझ्या गाडीचा कागद ठेवला. तळाशी, कोरड्या जागी. आणि वरून झाकण नीट बसते की नाही ते दोनदा दाबून पाहिले.